काळ, काम, वेग आणि उज्जैनची सावली

आपल्या या समूहात वाड्यांवर, गणेशोत्सवांवर, नाटकमंडळ्यांवर आणि सराफ्यातल्या खाण्यावर पुष्कळ लिहून झाले. गणितावर कोणी लिहीत नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, सारी नोकरी बँकेत गेली, तेव्हा गणिताचा पंडित वगैरे नाही. पण निवृत्तीनंतर गेली काही वर्षे रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत आपल्या मुलांना अंकगणित शिकवतो. काही नववी-दहावीतली, काही बँकेच्या परीक्षा देणारी. त्यातून जे जुळत गेले ते लिहितो आहे. लांबण आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडी या प्रकरणाचे नाव 'काळ, काम, वेग'. इंदूर-उज्जैनच्या शाळेत गेलो की तेच 'समय, चाल, दूरी' होते. भौतिकशास्त्रात तर 'चाल' वेगळी आणि 'वेग' वेगळा: वेगाला दिशा लागते, चालीला नाही. मराठीतही शास्त्राच्या पुस्तकात हाच भेद आहे, पण घरात आपण गाडीच्या 'वेगा'बद्दलच बोलतो, आणि चाल म्हणजे गाण्याची किंवा बुद्धिबळातली. आता इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ही तिन्ही नावे परकी. त्यांच्याकडे एक सूत्र असते, अंतर भागिले वेळ. ते बरोबरच आहे. फक्त 'वेळ' म्हणजे कोणाची, कुठली, केवढी, हे विचारायचे राहून जाते. गंमत अशी, की हा प्रश्न विचारणाऱ्या जागा आपल्याच गावांत आहेत आणि त्यांत आपल्या लोकांचा हातही आहे.

आधी पंचांग घेऊ. दर महिन्याला संकष्टी येते आणि घरातली वडीलधारी मंडळी चंद्रोदयाची वाट बघतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुख्य वेळ असते मुंबईची. मुंबईचे रेखांश ७२ अंश ५० कला, इंदूरचे ७५ अंश ५२ कला. फरक सुमारे ३ अंशांचा. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. तेव्हा आपल्याकडे चंद्र मुंबईच्या साधारण १२ मिनिटे आधी दिसतो. अक्षांश आणि चंद्राचे उत्तर-दक्षिण असणे यामुळे त्यात थोडे कमी-जास्त होते. मुंबईची वेळ बघून ताटकळणाऱ्या कित्येक आज्या या माळव्यात होऊन गेल्या असतील. मोदक गार झाले ते वेगळेच.

एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारले, "काका, या महिन्यात एकादशी दोन दिवस का? आणि मागे एक तिथी गाळूनच टाकली होती, ती कुठे गेली?" वर्गातल्या मोठ्या मुलांना हसू आले. त्यांच्या लेखी तिथी म्हणजे आजीचा विषय, परीक्षेचा नव्हे. मी फळ्यावर दोन गाड्या काढल्या. एकाच दिशेने जाणाऱ्या, एक मंद, एक जलद. मंद गाडी म्हणजे सूर्य, रोज सरासरी ५९ कला पुढे. जलद गाडी चंद्र, रोज सरासरी १३ अंश ११ कला. एकाच दिशेने जाणाऱ्या गाड्यांचा सापेक्ष वेग वजाबाकीने येतो हे सगळ्यांना पाठ होते. वजाबाकी आली १२ अंश १२ कलांच्या आसपास. आणि तिथीची व्याख्या काय, तर चंद्राने सूर्याला १२ अंशांनी मागे टाकायला लागणारा वेळ. झाले की गणित! सरासरी तिथी येते २३ तास ३७ मिनिटांची. आणि जलद गाडीला पूर्ण ३६० अंशांची फेरी जास्त मारून पुन्हा मंद गाडीला गाठायला किती दिवस? ३६० भागिले १२.१९, म्हणजे साडेएकोणतीस दिवस. अमावास्या ते अमावास्या. बँकेच्या परीक्षेत घड्याळाचे दोन काटे पुन्हा केव्हा भेटतील असे विचारतात, उत्तर ६५ पूर्णांक ५/११ मिनिटे. तो प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे. हसणारे गप्प झाले.

पण मुलीचा प्रश्न अजून सुटला नव्हता. सरासरी तिथी पावणेचोवीस तासांची असेल तर ती कधी दोन दिवस पुरते आणि कधी एकही सूर्योदय बघत नाही, हे कसे? कारण जलद गाडी एका वेगाने धावत नाही. चंद्र पृथ्वीच्या जवळ असला की दिवसाला १५ अंशांपर्यंत जातो, दूर असला की १२ च्याही खाली येतो. म्हणून तिथी कधी २० तासांची, कधी सव्वीस-साडेसव्वीस तासांची. लांब तिथीने दोन सूर्योदय गाठले तर वृद्धी, आखूड तिथी एका सूर्योदयानंतर सुरू होऊन दुसऱ्याच्या आत संपली तर क्षय. सूर्योदय तर गावागणिक वेगळा, म्हणून एकच तिथी उज्जैनला एका दिवशी आणि पुण्याला दुसऱ्या दिवशी धरली जाऊ शकते. त्यावरून आपल्या घरांमध्ये झालेले वाद सगळ्यांना ठाऊक आहेत, मी उकरून काढत नाही.

इथे भास्कराचार्य येतात. १११४ सालचा जन्म, सिद्धांतशिरोमणी लिहिला ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. चाळीसगावजवळच्या पाटण गावात त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शिलालेख तिथे आहे. म्हणजे तेराव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात गती शिकवण्याची एक संस्था चालू होती! भास्कराचार्यांनी ग्रहाची 'स्थूल' गती आणि 'तात्कालिकी' गती असा भेद केला. आज सूर्योदयाला ग्रह कुठे आणि उद्या कुठे, यातला फरक ही दिवसाची गती. ती स्थूल, ठोकळ. ग्रह ज्या क्षणी आहे त्या क्षणाची ती तात्कालिकी. आणि चंद्राच्या बाबतीत तात्कालिकीच वापरा म्हणून ते सांगतात, कारण चंद्र इतका भरभर वेग बदलतो की दिवसाच्या सरासरीने तिथीचा शेवट चुकतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात सरासरी वेग आणि तात्क्षणिक वेग अशी दोन व्याख्यांची जोडी असते. मुले ती पाठ करतात आणि तिची गरज कुठे पडली हे कोणी सांगत नाही. गरज तिथीला पडली होती.

आता माझ्या घरच्या मैदानावर येतो, म्हणजे बँकेत. ज्यांनी बँकेत जुनी खातेवही भरली आहे त्यांना 'प्रॉडक्ट' काढणे आठवत असेल. कॅश क्रेडिट खात्यात शिल्लक रोज बदलते. मग व्याज कसे लावायचे? जितके दिवस जी रक्कम उभी राहिली तितक्या दिवसांनी तिला गुणायचे, सगळे गुणाकार बेरजेत घ्यायचे, दराने गुणून ३६५०० ने भागायचे. मुलांना मी नेमके हेच करायला लावतो. जाताना गाडी ताशी २० किलोमीटर, त्याच रस्त्याने येताना ताशी ३०, सरासरी किती? दहापैकी आठ मुले २५ म्हणतात. मी म्हणतो, अंतर ६० धरा आणि खातेवही मांडा. २० ची शिल्लक तीन तास उभी, प्रॉडक्ट ६०. ३० ची शिल्लक दोन तास उभी, प्रॉडक्ट ६०. एकूण १२०, तास पाच, सरासरी २४. कमी वेगाने जास्त वेळ गेला, म्हणून कमी वेगाचे वजन जास्त. वेग आणि वेळ यांचा आलेख काढला की त्याखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे अकरावीत शिकवतात. आमचे क्लार्क बंधू हे क्षेत्रफळ आयुष्यभर हाताने काढत होते आणि त्याला बँकेचे काम म्हणत होते.

बचत खात्याची गोष्ट याहून बोलकी. २०१० पर्यंत बचत खात्यावर व्याज मिळायचे ते महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर. ११ तारखेला लाखभर रुपये भरले तर त्या महिन्याचे व्याज शून्य. काउंटरवर लोक भांडायचे, आणि त्यांचे म्हणणे काही खोटे नसायचे. पण नियम तो नियम. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर व्याज सुरू झाले. जुनी पद्धत म्हणजे गाडी महिन्यात कुठेतरी सिग्नलला थांबली म्हणून अख्ख्या महिन्याचा वेग शून्य धरायचा, तसे. मोजणीचा काळ जितका बारीक कराल तितका हिशोब न्यायाचा होतो. तात्कालिकी गतीचे तत्त्व बचत खात्यापर्यंत पोचायला साडेआठशे वर्षे लागली म्हणायचे.

चढ-उताराची ही उदाहरणे मी पाताळपाणीच्या घाटाची देतो, कारण मुलांनी तो पाहिलेला असतो. खंडवा-इंदूर मीटरगेज हे होळकरांच्या पैशाने झालेले काम. दुसऱ्या तुकोजीरावांनी एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीने. (एवढ्या मुदतीचे कर्ज मंजूर करणारा अधिकारी मला भेटायला हवा होता.) १८७० च्या दशकात ही लाइन इंदूरपर्यंत आली. पाताळपाणी ते कालाकुंड चढ ४० फुटांना १ फूट. मीटरगेज बंद झाली तरी त्या टप्प्यावर आता पर्यटकांची गाडी चालते. घाट चढताना बाहेर बघत बसलात तर सरासरी आणि तात्क्षणिक वेगातला फरक समजायला सूत्र लागत नाही.

आणि या रेल्वेनेच आपल्या गावांत दोन वेळा आणल्या. त्याआधी वेळ सूर्याची. ६० विपळांचे एक पळ, ६० पळांची एक घटका, ६० घटकांचा दिवस. म्हणजे घटका २४ मिनिटांची आणि पळ २४ सेकंदांचे. लग्नात घटिकापात्र पाण्यात सोडायचे, ते बुडाले की घटका भरली. ही वेळ सूर्योदयापासून मोजलेली, त्या त्या गावची. रेल्वे मात्र देशभर मद्रासची वेळ पाळायची. मद्रास आपल्या पूर्वेला, १८ मिनिटे पुढे. इंदूर स्टेशनच्या घड्याळात बारा वाजले तेव्हा राजवाड्यासमोर सूर्याचे पावणेबारासुद्धा व्हायचे होते. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ८२ अंश ३० कला रेखांशाची. तरी मुंबई शहर आपली वेगळी वेळ १९५५ पर्यंत आणि कलकत्ता १९४८ पर्यंत धरून होते.

यावर मी मुलांना एक गणित घालतो, माझे आवडते. मुंबईची वेळ आणि कलकत्त्याची वेळ यांत ६२ मिनिटांचा फरक. समजा मेल गाडी दोन्हीकडून बरोबर ४० तास घेते. निघताना गावचे घड्याळ बघितले, पोचल्यावर पोचल्या गावचे. कलकत्त्याला जाताना घड्याळे म्हणतील ४१ तास २ मिनिटे. परत येताना म्हणतील ३८ तास ५८ मिनिटे. तीच गाडी, तोच रूळ, तोच वेग, आणि कागदावर येणारी गाडी जलद! अंतर भागिले वेळ हे सूत्र दोन्ही वेळा बिनचूक वापरलेले असते. दोन टोकांची घड्याळे आधी जुळवली पाहिजेत ही गोष्ट सूत्रात लिहिलेली नसते. विमानाने अमेरिकेला जाणाऱ्या मुलांना हे चटकन कळते.

आता उज्जैन. जुन्या ज्योतिषग्रंथांतली मध्यरेषा लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशी जाते. बाकी गावांचे देशांतर या रेषेपासून पूर्वेला-पश्चिमेला मोजायचे, आज ग्रिनिचपासून मोजतात तसे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात जयपूरच्या सवाई जयसिंहाने क्षिप्रेच्या काठी वेधशाळा बांधली. नंतर ती पडीक झाली. १९२३ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार करवला. सिद्धांतवागीश पंडित नारायणजी व्यास आणि आपले गोविंद सदाशिव आपटे यांच्या आग्रहाने हे काम झाले आणि आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. १९४२ पासून तिथून दरवर्षी प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे पंचांग निघते. जयपूरचे जंतरमंतर बघायला आपण तिकीट काढून, गाइड करून जातो. उज्जैनला महाकालाचे दर्शन घेऊन परत फिरतो. आपट्यांचे नाव आपल्या मुलांतल्या एकालाही माहीत नव्हते. मोठ्यांतल्या किती जणांना होते, ते मी विचारले नाही.

मी वर्षातून एकदा मुलांना तिथे नेतो. सम्राट यंत्र म्हणजे एक तिरपी भिंत, चढ २३ अंश १० कलांचा, उज्जैनच्या अक्षांशाइतका, म्हणून तिची धार पृथ्वीच्या आसाला समांतर. दोन बाजूंना वर्तुळाचे पाव-पाव भाग, त्यांवर तास, मिनिटे आणि मिनिटाचा तिसरा हिस्सा कोरलेला. म्हणजे २० सेकंद. भिंतीच्या सावलीची कड खुणेवर बोट ठेवून बघायची. सुरुवातीला वाटते ती स्थिर आहे. मग बोटाशेजारून सरकताना दिसते. तेवढ्यात आपण स्वतः पृथ्वीबरोबर ताशी सुमारे १५०० किलोमीटरने पूर्वेला निघालेलो असतो आणि डोक्यावरची टोपीसुद्धा हलत नाही. सापेक्ष गती हा शब्द मी तिथे उच्चारतो, त्याआधी नाही.

मग मुले मोबाइल काढतात. सावली सांगते बारा, मोबाइल म्हणतो बारा एकेचाळीस. "काका, हे तर खराब आहे." खराब नाही. उज्जैन ८२ अंश ३० कलांच्या रेषेपासून पावणेसात अंश पश्चिमेला, म्हणजे २७ मिनिटे मागे. उरलेली १४ मिनिटे कुठून आली? ही सहल फेब्रुवारीतली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला गेलात तर सावलीचे बारा मोबाइलवर बारा अकरालाच वाजतात. वर्षभरात अर्ध्या तासाची ही हेलकाव्याची रक्कम. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या जवळ, तेव्हा सेकंदाला ३०.३ किलोमीटरने पळते, जुलैत २९.३ ने. त्यात तिचा आस कललेला. या दोन्हींमुळे एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंतचा दिवस डिसेंबरअखेर २४ तासांपेक्षा ३० सेकंदांनी मोठा असतो आणि सप्टेंबरच्या मध्याला २१ सेकंदांनी लहान. रोजचे काही सेकंद, पण प्रॉडक्ट साचत जातात. यंत्रापाशी दुरुस्तीचे कोष्टक लावलेले आहे, सावलीच्या वेळेत इतकी मिनिटे मिळवा म्हणजे प्रमाणवेळ मिळेल. मुले ते कोष्टक आधी मोबाइलशी ताडून बघतात, मग विश्वास ठेवतात. योग्यच आहे.

एका पालकांनी मला सरळ विचारले होते, "काका, हे सगळे ठीक आहे, पण परीक्षेत एका प्रश्नाला मिनिटभरसुद्धा मिळत नाही. तुम्ही एका सावलीत सकाळ घालवून राहिलात." त्यांचे म्हणणे चूक नाही. शॉर्टकट मीही शिकवतो, त्याशिवाय परीक्षा निघत नाही. मुलाला नोकरी हवी आहे आणि मला नोकरीचे मोल ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच पडले, की २५ उत्तर देणारा मुलगा शॉर्टकट विसरला की पुन्हा २५ देतो. खातेवही मांडलेला मुलगा विसरला तरी मांडून बघतो. पालकांना ते पटले असे काही मला वाटले नाही. मुलगा मात्र येत राहिला.

दोन एकादश्यांचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आता घरच्या संकष्टीचा चंद्रोदय मुंबईच्या वेळेवरून काढते आणि आजीला कागदावर लिहून देते. सुरुवातीला दोन-तीन मिनिटे इकडे-तिकडे यायचे. मग तिने चंद्र उत्तरेला आहे की दक्षिणेला हे बघून दुरुस्ती लावायला सुरुवात केली. हे मी शिकवलेले नाही.

येत्या नोव्हेंबरच्या ३ तारखेच्या आसपास उज्जैनला जायचा बेत आहे, बारा वाजून साधारण साडेदहा मिनिटांनी माध्यान्ह होईल तेव्हा यंत्रापाशी हजर असू. ज्यांची नातवंडे यायची असतील त्यांनी कळवा. टोपी आणि पाण्याची बाटली आणा, तिथे सावली फक्त यंत्राची आहे.